पोरानं बोलायचं कुणाशी?

नीरा आणि भीमा जिथं एकत्र येतात तिथं पुणे जिल्हा संपतो. इंदापूर तालुक्यातलं नीरा नरसिंहपूर हे ते टोक. पाण्यापलीकडं सोलापूर जिल्हा. इथली माणसं दाखल्या-उताऱ्याला इंदापूरला जातात, बाजाराला अकलूजला, आणि पोरगं फार हुशार निघालं तर त्याला बारामतीला ठेवतात. अशा गावातल्या शाळेत समुपदेशक हवा का, हा प्रश्न आजवर कुणाच्या मनात आला नसेल. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आणून ठेवला. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना न्यायालयानं देशभरच्या शिक्षणसंस्थांना सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

खाली बोलणारे दोघे मी कल्पिलेले आहेत. सर म्हणजे माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. मॅडम त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता बारामतीच्या एका शाळेत समुपदेशक. बसलेत देवळाच्या घाटावर. त्यांच्या तोंडी घातलेलं बरंचसं बोलणं मात्र या भागातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकू येईल असं आहे.

सर : शंभर पोरं असली की एक समुपदेशक म्हणे! अगं, शाळांना शिपाई मिळेना झालाय. २०२० साली शासनानं ठरवलं, शिपायाच्या जागी भत्ता घ्या आणि भागवा. घंटा पोरंच देतात. चित्रकलेचे सर निवृत्त झाले की ती जागा गेलीच म्हणायची. आणि आता मानसशास्त्रज्ञ नेमा. नेमतील की. कुठल्या तरी सरांच्या गळ्यात माळ घालतील, तीन दिवसांचं प्रशिक्षण देतील, आणि ऑनलाइन फॉर्मात ‘समुपदेशक आहे का’ याच्यापुढं ‘होय’ लिहून मोकळे.

मॅडम : ती भीती मलाही आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शंभरावर पट असेल तर कला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभवाला अर्धवेळ शिक्षक आहेत. समुपदेशकाचं नावच नाही. मग पगार काढायचा कुठून, यावरच सगळं अडणार. पण सर, पद नाही म्हणून गरज नाही असं कुठं आहे?

सर : गरज नाही असं मी कुठं म्हणतोय? मी म्हणतोय ती आम्ही भागवत होतो. मला प्रत्येक पोराचं घर माहीत होतं. कुणाचा बाप पितो, कुणाच्या विहिरीचा वाद कोर्टात आहे, कुणाची आई माहेरी जाऊन बसलीय. चार दिवस पोर आलं नाही की गाडी काढून थेट वस्तीवर. तुझ्या घरी नव्हतो आलो?

मॅडम : आला होता. दहावीला मला घरी बसवणार होते. तुम्ही ओट्यावर बसून दादांशी तासभर बोललात. म्हणून मी शिकले, हे मी जन्मात विसरणार नाही. पण सर, तुम्ही दादांशी बोललात. माझ्याशी नाही.

सर : तुझ्याशी काय बोलायचं होतं? निर्णय त्यांच्या हातात होता.

मॅडम : निर्णय त्यांच्या हातात होता. पण मी त्या वर्षी गणितात एवढी का घसरले, ते कुणी मला विचारलं नाही. सगळ्यांनी धरून चाललं की घरच्या कामामुळं. खरं कारण असं होतं की सकाळच्या एसटीत एक माणूस रोज माझ्या मागं येऊन उभा राहायचा. मी ती गाडी सोडायला लागले. पहिला तास बुडायचा, आणि पहिला तास गणिताचा होता.

सर : अगं, मग सांगायचंस की!

मॅडम : कुणाला? तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळी तुम्ही दादांना सांगितलं असतं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. कुणाच्याही मनात वाईट नसताना बंद.

मला वाटतं, सगळा वाद इथंच आहे. शिक्षकाला घर माहीत असतं, हे खेड्यातल्या शाळेचं बळ. आणि शिक्षकाला घर माहीत असतं, हीच पोराची अडचण. जो माणूस वडिलांसोबत पारावर चहा घेतो, सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्याच पॅनेलचा असतो, वर पोराचे मार्कही तोच देतो, त्याच्यापाशी पोर काय म्हणून मन उघडं करेल?

सर : म्हणजे आम्ही चहाडखोर ठरलो तर.

मॅडम : मी कशाला म्हणू! या देवळाचीच गोष्ट घ्या. प्रल्हादानं वाळूची मूर्ती करून पुजली ती इथं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खांब फोडून देव आला तो शेवटी. त्याआधी त्या पोराला दोन गुरुजी होते, शंड आणि अमर्क. पोर काय बोलतं ते त्यांनी जाऊन बापाला सांगितलं.

सर (हसून) : गावच्या देवाला साक्षीला काढलंस. बरं, तू तरी सगळं पोटात ठेवतेस का?

मॅडम : नाही. आणि ते पहिल्याच भेटीत पोराला सांगते. म्हणते, तू सांगशील ते माझ्यापाशी राहील; पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्या अंगाशी वाईट वागत असेल, तर मला पुढं सांगावं लागेल, आणि कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक गुन्ह्याची माहिती कळवणं माझ्यावरच नाही, तुमच्यावरही बंधनकारक आहे. लग्न ठरवलेली नववीतली मुलगी असेल तर १०९८ ला फोन, किंवा ग्रामसेवक. बालविवाह रोखण्याचा अधिकार त्यांच्याकडं आहे.

सर : ग्रामसेवक! त्याला त्या लग्नाची पत्रिका आलेली असते.

मॅडम : म्हणून १०९८ आधी म्हटलं.

सर : ते राहू दे. माझी खरी हरकत ऐक. तू इथं येणार आणि साडेचारच्या गाडीनं जाणार. पोरानं तुझ्यापुढं सगळं ओकलं, रडलं, आणि तू गेलीस. रात्री ते पोर त्याच घरात, त्याच बापासमोर. त्या रात्री त्याच्याजवळ कोण आहे? आम्ही निदान गावात तरी असायचो. आणि तुझ्या बारामतीच्या शाळेत तुला खोली आहे, पडदा आहे. इथं बसवणार कुठं तुला? पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी?

मॅडम : चालेल. फक्त खिडकी मैदानाकडं नको. आत कोण गेलं ते बाकीच्यांना दिसलं की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव ‘मेंटल’.

सर : आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं काय?

मॅडम : तो प्रश्न बरोबर आहे. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या माणसानं जखम उघडी करून जायचंच नसतं. पहिल्या भेटीत मी विचारते झोप किती होते, जेवतोस कधी, घरी कुणाशी पटतं, शाळेतला कुठला तास बरा वाटतो. एवढ्यावरच बरंच कळतं. शिवाय मी आधी हजेरीपट बघते. पोर सोमवारीच गैरहजर असेल तर एक कारण, पंधरा दिवस सलग असेल तर दुसरं. सातवीपर्यंत साठ-सत्तर टक्के आणि आठवीत एकदम चाळीस, तर उन्हाळ्यात काहीतरी घडलंय. हा कागद तुमच्याकडं पण होता, सर. तुम्ही तो पट टिकवायला वाचलात.

सर : पट टिकला नाही तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. तू कधी अतिरिक्त ठरली नाहीस म्हणून तुला हे सुचतंय.

हे सरांनी बरं सुनावलं. शाळेतलं प्रत्येक पोर हा शिक्षकाच्या नोकरीचा अंश असतो, हे शहरातून व्याख्यान द्यायला येणाऱ्यांच्या गावीही नसतं.

सर : आता एक प्रसंग घे. हंगाम सुरू झाला. नीरा-भीमा, कर्मयोगी कारखान्यांना ऊस चाललाय. नववीतलं पोरगं चुलत्याबरोबर रात्री ट्रॅक्टरवर. गव्हाणीपुढं नंबर लागेपर्यंत रात्र तिथंच, सकाळी शाळेत येऊन झोपतं. त्याला तू काय समुपदेशन करणार? श्वास घे, श्वास सोड?

मॅडम : त्याला मी झोप म्हणेन.

सर : तेवढं मीही केलं. मागच्या बाकावर झोपू द्यायचो. हात नाही लावला कधी.

मॅडम : तुमचं मन मोठं, पण ते पोर पाच महिने झोपलं आणि वार्षिकला नापास झालं. त्याला उठवूही नका आणि सोडूनही देऊ नका. गणित-इंग्रजीचे तास त्या वर्गाला दुपारून लावा. त्या दोन विषयांतली पास होण्यापुरती प्रकरणं ठरवून द्या. चुलत्याला बोलावून सांगा की आठवड्यातल्या चार रात्री पोर घरी पाहिजे. सगळ्या सात मागितल्या तर एकही मिळणार नाही. हे सगळं शाळेनं करायचं आहे, मी फक्त सगळ्यांना एका ठिकाणी बसवते. आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली पोरं? ती तर दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. त्यांचा कागद कुठल्याच शाळेत पुरा नसतो.

सर : मग हे समुपदेशन नाही गं, ही मुख्याध्यापकी झाली.

मॅडम : नाव काहीही द्या.

सर : नाव देतोच. मला विचारशील तर पोराचं मन बरं करायचा एकच उपाय मी पाहिलाय. आठवीत आलेल्या पोराला जोडाक्षर वाचता येत नाही. रोज वर्गात नाक कापलं जातं. मग ते टिंगल करतं, मागं बसतं, पळून नदीवर जातं. त्याला वाचायला शिकव, बाकीचं आपोआप जागेवर येतं. एका पावसाळ्यात मी सहा पोरं मधल्या सुट्टीत बसवून वाचती केली होती. त्यातल्या एकालाही नंतर कुणाकडं पाठवावं लागलं नाही.

मॅडम : हे मी वादाशिवाय मान्य करते. माझ्याकडं ‘लक्ष नाही, उद्धट आहे’ म्हणून येणारी कितीतरी प्रकरणं चष्म्यावर संपतात. फळाच दिसत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी पोर उसाला गेलेलं असतं, झालं. पण तुमच्या सहा पोरांत सातवं होतं का, जे वाचायला शिकलंच नाही?

सर : होतं. (थांबून) हुशार होतं. हिशेब तोंडी असा करायचं की दुकानदार बघत राहायचा. पण ‘क्रम’ला ‘कर्म’ वाचायचं, लिहिताना अक्षरं उलटीपालटी. मी दोन वर्षं डोकं फोडलं. शेवटी म्हटलं, आळशी आहे.

मॅडम : ते अध्ययन अक्षमतेचं पोर असणार. दहावीला राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळ देतं, लेखनिक देतं, आणखी सवलती आहेत. २०१६ च्या कायद्यानं तर ते दिव्यांगत्वातच मोडतं. पण प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचं लागतं. इथून पुण्याला ससूनला जायचं म्हणजे आईचा एक रोज बुडाला, वडिलांचा एक, वर गाडीभाडं. पहिल्या खेपेला नाव लागतं, दुसऱ्या खेपेला तपासणी, मग अहवाल. दुसऱ्या खेपेनंतर आई म्हणते, मॅडम, राहू द्या, नापास झाला तरी शेत आहेच. शहरातल्या शाळांत हे प्रमाणपत्र आठवी-नववीतच तयार असतं. खेड्यातलं पोर लेखनिकाशिवाय पेपर देतं आणि नापास होतं, आणि गाव म्हणतं, डोकंच नव्हतं. सर, खेड्यातल्या समुपदेशकाचं अर्धं काम हे आहे. कुठला कागद, कुठल्या खिडकीवर, कुठल्या वारी. त्या आईबरोबर एकदा गाडीत बसून जाणं.

सर : मग कोर्टानं मानसशास्त्रज्ञ कशाला मागितला? एक खमका क्लार्क दिला असता तरी चाललं असतं.

मॅडम : क्लार्कला ‘क्रम’ आणि ‘कर्म’ मधलं दिसलं नसतं.

मानसशास्त्र हे शाळेला नवं आहे, अशी एक समजूत सरांसारख्या अनेकांची असते. तशी ती खरी नाही. मुंबईत पारसी पंचायतीनं १९४७ साली आणि मुंबई सरकारनं १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रं काढली. पुण्यात आप्पा पेंडशांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी उभी केली ती मानसशास्त्राच्याच पायावर. फक्त हे सगळं फिरलं ते पोराच्या बुद्धीभोवती आणि पुढच्या धंद्याभोवती. ते रात्री झोपतं का, हा प्रश्न त्यात उशिरा आला.

सर : ती कलचाचणी मी घेतलीय. २०१६ ला सुरू झाली, दहावीच्या सगळ्या पोरांची. संगणक कक्षात निम्मे संगणक बंद, पोरांना माउस धरायला शिकवण्यात पहिला अर्धा तास. एका मुलीचा कल निघाला ललित कला. तिच्या आईनं मला विचारलं, सर, ही ललित कला अकलूजला आहे का? नसली तर कला शाखा तरी?

मॅडम : तिला काय सांगितलंत?

सर : आहे म्हटलं. कला शाखा. ललित कलेचं मी बोललोच नाही.

मॅडम : चाचणीनंतर माणूस नसला की असंच होतं. नाही तर सगळ्या गावाला दोनच रस्ते माहीत. हुशार असेल तर नीट, नसेल तर पोलीस भरतीची अकॅडमी. तीन वर्षं पहाटे पळून झाल्यावर उंचीत बसत नाही म्हणून परत आलेली पोरं बघितलीत ना? उंची दहावीलाच मोजता आली असती.

सर : बारामतीचं बोल. तिथं तर सगळं आहे. कॉलेजं आहेत, क्लास आहेत, मेडिकल कॉलेज आहे. तरी २०२४ च्या सप्टेंबरअखेर कॉलेजच्या आवारात बारावीच्या पोराला पोरांनीच कोयत्यानं मारलं. तिथं समुपदेशक नव्हते?

मॅडम : त्या पोरांबद्दल मी काही बोलणार नाही, मला माहीत नाही. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी ‘पंचशक्ती’ अभियान काढलं, शाळा-कॉलेजांत ‘शक्ती बॉक्स’ बसवले. नाव न देता तक्रार टाका. माझं मत विचाराल तर पेटी असावी. पेटीत चिठ्ठी टाकणारं पोर सांगतं की धोका आहे. पण कोयता दप्तरात घालणारं पोर चिठ्ठी टाकत नाही. त्याला महिनाभर आधी कुणीतरी विचारायला लागतं की बाबा, तू हल्ली कुणाबरोबर फिरतोस, आणि तुला भीती कुणाची वाटते. हो, भीती. हत्यार बाळगणारं पोर बहुतेक वेळा घाबरलेलं असतं.

सर : तू म्हणतेस तसं विचारलं तर ते सांगेल?

मॅडम : पहिल्यांदा नाही सांगत.

सर गप्प झाले. पोरांच्या मनात न सांगता राहिलेल्या गोष्टींवर बोलताना एक आकडा सांगितलाच पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. परीक्षेच्या दिवसांत राज्य मंडळ जिल्ह्याजिल्ह्यांत फोनवर बोलणारे समुपदेशक नेमतं ते योग्यच आहे. मात्र पोराचं दुःख मंडळाच्या वेळापत्रकानं चालत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सरांनी मघाशी विचारलं होतं ना, रात्री पोराजवळ कोण? त्याचं पुरं उत्तर हा क्रमांक नाही, पण तो पोराच्या वहीत लिहिलेला असावा.

सर : बरं, समज मी अजून मुख्याध्यापक आहे आणि संस्थेनं मला सांगितलं की करा काहीतरी. पगारी माणूस मिळणार नाही. काय करू?

मॅडम : पूर्ण माणूस मिळणारच नाही. अमेरिकेत शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे पोरांमागं एक मागते, आणि तिथंही बहुतेक ठिकाणी ते जमत नाही. आपल्याकडं पाच शाळांनी मिळून एक ठेवावा, प्रत्येकीला आठवड्यातून एक दिवस. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाशी बोलून ठेवा. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ असतात, तिथं समुपदेशक असतो. कुणाच्या नावानं चिठ्ठी द्यायची ते नाव आधीच माहीत पाहिजे. पोर समोर रडत असताना फोन नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये.

सर : आणि उरलेले दिवस?

मॅडम : एक शिक्षक. पण तो तुम्ही नेमायचा नाही. पोरांना विचारा, अडचण आली तर कुणाशी बोलाल, चिठ्ठीवर नाव लिहा. ज्याची नावं जास्त येतील तो.

सर : अगं, ती सगळी पीटीच्या सरांचं नाव लिहितील!

मॅडम : लिहू देत.

सर : त्याला बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर तरी होता का...

मॅडम : पेपर तुम्हालाही होता, सर.

सर : बरं बरं. पुढं?

मॅडम : त्याला एक वर्ग कमी द्या. तेच काम वर टाकलं तर महिनाभरात तो पोरांना टाळायला लागेल. बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामातून त्याला सोडवता येईल का बघा.

सर : ते तहसीलदाराला सांग. आणि तुझी ती वही, पोरांचं लिहून ठेवतेस ती. ती माझ्या कपाटात राहील.

मॅडम : नाही राहणार.

सर : मुख्याध्यापकापासून लपवणार? शाळा माझ्या जबाबदारीवर आहे. उद्या काही झालं तर पेपरात माझं नाव येईल.

मॅडम : धोक्याचं असेल ते त्याच दिवशी लेखी देईन तुम्हाला, सही घेऊन. बाकीचं कपाटात, आणि किल्ली माझ्याकडं. संस्थेचे अध्यक्ष वार्षिक तपासणीला आले तरी किल्ली माझ्याकडंच.

सर : हे कुठलाही मुख्याध्यापक ऐकणार नाही.

मॅडम : ऐकणार नाही तिथं मी जाणार नाही.

सर : (बऱ्याच वेळानं) सही घेऊन म्हणतेस ना? त्याची एक प्रत तारखेसह मला.

मॅडम : धोक्याच्या कागदाची. वहीची नाही.

सर : मग वेळ सांग. पोरं तास बुडवून तुझ्याकडं आलेली मला चालणार नाहीत. पीटीचा तास घे.

मॅडम : तो नको. ज्या पोराला माझ्याकडं यायचंय, त्याला आठवड्यात तो एकच तास आवडत असतो.

सर : गणित, विज्ञान देणार नाही. मराठी माझा विषय, तो तर नाहीच. कार्यानुभवाचा घे. तसाही तो कुणी घेत नाही.